ओस्लोच्या अलीकडे जळगाव

हिलाल मास्तराच्या घरी पाहुणा आला की त्याची बायको सुनंदा आधी खुर्चीवरचा रेडिओ उचलायची आणि मगच पाण्याचा तांब्या आणायची. खुर्चीवर रेडिओ असायचाच. पलंगाखाली तीन-चार, धान्याच्या कोठीवर एक, आणि मोरीच्या भिंतीला टेकून एक भलामोठा, ज्याच्या पोटात उंदरांनी संसार थाटला होता. या सगळ्यांत एकच गोष्ट सारखी होती. त्यांतला एकही वाजत नव्हता.

हिलाल आळशी होता असं मात्र कोणी म्हणू नये. रेडिओ उघडण्यात त्याचा हात धरणारा जळगावच्या अख्ख्या मेहरूणमध्ये सापडला नसता. घोडं अडायचं ते मिटण्यात. एक उघडावा, त्याचं दुखणं शोधावं, अर्धं औषधपाणी करावं, तोवर भंगारात दुसरा देखणा रेडिओ दिसायचा आणि पहिल्याची रवानगी पलंगाखाली व्हायची. दिवसही त्याला फूस लावणारेच होते. घरोघरी टीव्ही येत होते, आणि ज्या रेडिओंना कधीकाळी झालरीची कापडं शिवली होती ते भंगाराच्या हातगाडीवर उताणे पडत होते. हिलालला ते बघवायचं नाही. रस्त्यावर सापडलेलं वासरू आणावं तसा तो त्यांना घरी आणायचा.

नगरपालिकेच्या शाळेत तो पहिलीचा वर्ग शिकवायचा. दिवसभर पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घ्यायची. संध्याकाळी घरी आला की त्याला अक्षर म्हटलं तरी वीट यायचा. मग चहा, आणि चहानंतर सोल्डरचा धूर. हाताशी एक पाटी असायची. लग्नाच्या वर्षी ती त्याने सुनंदासाठी आणली होती. सुनंदा पहूरकडची, घरात थोरली, भावंडं सांभाळण्यात शाळेचं तोंड न पाहिलेली. मास्तराची बायको आणि अंगठा उठवते, हे बरं दिसत नाही म्हणून त्याने हौसेनं तिला शिकवायला घेतलं होतं, क-खपासून थोडंफार शिकवलंही होतं. पुढे स्क्रू ठेवायला काहीतरी सपाट लागलं, आणि पाटी त्या कामी आली.

जर्मन स्टिरिओ त्याला सापडला तो धुळ्यात. थोरल्या भावाला, भिकनभाऊला भेटायला तो गेला होता. भाऊचं गाव धुळ्याच्या पलीकडे. पण हिलालची वाट नेहमी रतिलालच्या भंगाराच्या गोदामावरून जायची, मग ती कितीही वाकडी पडो. रतिलालची रीत अशी की माल आला रे आला की आधी हातोडा, मग बोलणं. तांबं एकीकडे, लोखंड एकीकडे, लाकूड बंबात. त्या दिवशी हातोडा वर गेलेला होता आणि त्याच्याखाली एक लांबरुंद, शिसवी रंगाची, दोन बाजूंना दोन स्पीकर असलेली पेटी होती. हिलालने धावत जाऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"मास्तर, हात काढो," रतिलाल म्हणाला. "अंदर तांबा बहोत हाये."

"माझे हात फोडा आधी," हिलाल म्हणाला.

कुठल्याशा गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यातून ती पेटी आली होती. पुढच्या बाजूला हातभर काच, आणि काचेवर पिवळ्या रंगात ओळीनं गावांची नावं: ओस्लो, बुडापेस्ट, लक्झेंबर्ग, लिस्बन, हिल्व्हरसम. नावं काचेच्या मागच्या अंगाने छापलेली होती. पुढून बोटं लागून झिजू नयेत, ही त्या जर्मनांची हुशारी. नाशिकच्या पलीकडे कधी न गेलेल्या हिलालने गोदामातल्या धुळीत उभं राहून ती सगळी नावं इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचली. एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसला, तरी तो तीच वाचत होता. भावाला भेटायचं राहूनच गेलं.

इथून त्याचं नष्टचर्य सुरू झालं. पेटीत जुन्या काळचे काचेचे व्हॉल्व्ह होते, पण उजव्या स्पीकरचा जो मुख्य व्हॉल्व्ह, तोच नव्हता. जळगावातल्या दुकानदारांनी त्याला, आता असले व्हॉल्व्ह म्युझियमात बघा मास्तर, असं ऐकवलं. कंडेन्सर फुगलेले होते. ते बदलले तर पेटीतून भुंग्यासारखी गुणगुण यायला लागली. ती बंद केली तर आवाजच बंद झाला. आवाज आणला तर संध्याकाळी सगळी गल्ली दिवे लावायची, वीज इतकी मंद व्हायची की पेटी धापा टाकायची. काटा सरकवणारी दोरी कुजली होती. त्याने सुती दोरा लावला, तो घसरला. रेशमी लावला, तो ताणला. बुडापेस्टकडे निघालेला काटा अर्ध्या वाटेत थांबायचा आणि बटण नुसतंच गरगर फिरायचं. हिलाल बटण सोडून कपाळाला हात लावायचा. बाकीच्या रेडिओंच्या वेळी त्याने इथेच हात टेकले असते. या वेळी ते परवडणारं नव्हतं.

कारण यंदा कुळाची देवी कानबाई त्यांच्या घरी बसणार होती. एरवी नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद भिकनभाऊच्या घरी जमायचे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू काढून त्याचे रोट व्हायचे, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. पण भाऊने जुनं घर उतरवून नवं बांधायला घेतलं होतं. मान हिलालकडे आला. कानबाई म्हणजे घर कोपऱ्याकोपऱ्यातून स्वच्छ पाहिजे. चुना लागला पाहिजे, भांडं न् भांडं घासलं पाहिजे. आणि घरात तर पाऊल ठेवायला जागा नव्हती.

सुनंदा एका संध्याकाळी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. काखेत लेक होती, आणि लेकीच्या मुठीतून काढलेला स्क्रू तिच्या हातात होता.

"आज तोंडात घालत व्हती," ती म्हणाली. "आता माह्यं ऐका. भाऊबंद येतील, ते काय तुमच्या रेडूंवर बसतील? रोटाच्या दिवशी सगयांच्या समोर एक तरी वाजवून दाखवा. वाजला, तर सगये राहू द्या, मी जल्मात बोलणार नाही. नाही वाजला, तर सोमवारी हातगाडीवाला बोलावते. तुमचा तो जर्मनसुद्धा."

"वाजेल," हिलाल म्हणाला.

"आजपरोक एक वाजला का?"

हिलालने तिच्या हातातला स्क्रू घेऊन पाटीवर टाकला. राग आला तो तिच्यावर आला. आपण काय दारू पितो, पत्ते खेळतो, की कोणाच्या दारात बसतो? असं तो मनातल्या मनात बरंच बोलला. मग तीच नावं वाचत बसला. ओस्लो, बुडापेस्ट. त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, पण भाऊबंदांपुढे नुसता आवाज काढून दाखवायचा नव्हता त्याला. तो काटा त्या पिवळ्या नावांवरून सरकताना त्यांनी बघायला हवा होता. हिलालने भंगार नाही, अख्खी दुनिया घरात आणली, असं एकदा तरी भिकनभाऊच्या तोंडावर दिसायला हवं होतं.

भाऊने पेटीबद्दल ऐकलंच होतं. त्यावर त्याने एका गाववाल्याबरोबर निरोप पाठवला होता: "मास्तरले सांग, वाजाडी दखाड, मंग बोल." वाजवून दाखव, मग बोल, हा निरोप हिलालच्या जिव्हारी लागला होता.

श्रावण जवळ आला. घराला चुना लागला. रेडिओ तात्पुरते मागच्या पडवीत रचले गेले. व्हॉल्व्हसाठी हिलालने धुळ्याला खेपा घातल्या, रतिलालच्या गोदामातलं भंगार उपसलं आणि दरवेळी हात काळे करून परत आला. शेवटी तो मिळाला एका बँडवाल्याकडे, त्याच्या जुन्या, बंद पडलेल्या भोंग्याच्या मशीनमध्ये. बँडवाल्याने तो सुटा द्यायला नकार दिला, म्हणून हिलाल अख्खं मशीन घेऊन आला. सुनंदाने दारातच ते पाहिलं आणि पदर तोंडावर दाबला. हसू होतं की रडू, ते त्याला कळलं नाही.

राहिली होती दोरी. ती अडचण सुटली मेहरूण तलावावर. तो वैतागून काठावर बसला होता आणि शेजारी एकजण गळ टाकून बसला होता. मासा ओढला की गळाची तंगूस ताठ व्हायची, पण ना तुटायची, ना सैल पडायची. हिलालने त्याच्याकडून हातभर मागितली. त्या माणसाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू गुरुजींना आता गोळ्या सुरू करायला हव्यात. पण तंगूस दिली.

शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, पेटी वाजली. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग दोन्हीकडून एकदम, असा भरदार, दाणेदार आवाज आला की पडवीतल्या कोंबड्या गप्प झाल्या. काटा तंगुशीवरून लोण्यासारखा सरकला. ओस्लोच्या किंचित अलीकडे त्याला आकाशवाणीचं जळगाव केंद्र लागलं. ही खूण त्याने मनात पक्की केली. ओस्लोच्या अलीकडे जळगाव. बुडापेस्टवर कुठलंसं हिंदी. लिस्बनच्या पुढे रात्री काय लागेल देव जाणे. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते सोल्डरच्या धुराने भरले असं दाखवलं.

सुनंदा पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी होती. बराच वेळ उभी राहून ऐकत राहिली.

रविवारी सकाळी काटा अजून केसभर वर घ्यायचा होता, म्हणून त्याने काच काढली, स्वच्छ पंच्यात गुंडाळून ओट्याच्या कडेला ठेवली, आणि कानबाईच्या चौरंगाला केळीचे खांब आणायला बाजारात गेला. परत आला तेव्हा ओट्यावर तांब्या-पितळेची भांडी उन्हात लखलखत होती. त्यांच्या मधोमध, परातीला टेकून, काच उभी होती. एवढी स्वच्छ, की तिच्यातून पलीकडची तुळस दिसत होती.

हिलालने खांब खाली टाकले. काच उचलली, पालटली, उन्हाकडे धरली. ओस्लो नव्हतं. बुडापेस्ट नव्हतं. एका कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा ओरखडा होता, तो लिस्बनचा असावा.

"चिंच लावली, राख लावली," सुनंदा मागून म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक मागणारं काहीतरी होतं, जे त्याने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. "मागून किती घाण व्हती! निघता निघेना. आता चार माणसांत ठेवायचं, तर म्हटलं, चांगलं दिसू द्या."

त्याच्या तोंडात जे आलं ते त्याने गिळलं. कारण आत चौरंगावर नारळाला नथ आणि डोळे लावून कानबाई बसली होती, आणि कानबाई घरात असताना उणा शब्द काढायचा नाही, भांडायचं तर मुळीच नाही, अशी त्याच्या आईची, आजीची, सगळ्या कुळाची शिकवण. जोवर ती पाण्यात जात नाही, तोवर तोंड गोड ठेवायचं. हिलालने तोंड गोड ठेवलं. त्या गोडाने त्याच्या दाढा दुखायला लागल्या.

"छान," तो म्हणाला. आणि केळीचे खांब उचलले.

वर्षभर ती पेटीचा तिरस्कार करत होती, तोवर पेटी सुखरूप होती. तिने एकदा माया केली आणि घात झाला. आता याला काय म्हणायचं, आणि कोणाला सांगायचं?

दुपारी भाऊबंद आले. रोट झाले, खीर झाली, गंगाफळाची भाजी झाली. भिकनभाऊने ढेकर दिली, मिशांवरून हात फिरवला आणि पेटीसमोर मांडी ठोकली.

"चाल मास्तर. वाजाड तुना डबा."

हिलालने बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो; तेवढ्यात दोघे चुलतभाऊ हसलेही. मग आवाज आला, तो असा, की हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. पण जळगाव लागेना. ओस्लोच नाही, तर त्याच्या अलीकडे म्हणजे कुठे? कोऱ्या काचेमागे काटा आंधळ्यासारखा पुढेमागे चाचपडत होता. शिट्टी, खरखर, कोणीतरी अनोळखी भाषेत हवामान सांगितल्यासारखं बोललं, पुन्हा शिट्टी. हिलालच्या मानेवरून घाम ओघळला. शेवटी कसंबसं एक गाणं हाताला लागलं आणि त्याने बटण सोडलं.

भिकनभाऊ पुढे झुकून बघत होता. हिलालला वाटलं, आता विचारणार, काचेवर काही नाही कसं.

"वाजस भो," भाऊ म्हणाला. "दोन्हीकडथून वाजस. मानलं तुले." आणि काचेवर टिचकी मारून म्हणाला, "आनि काच कितली लखलखीत शे. आतला दिवा बी दखास. हाई काम सुनंदानं ना?"

सगळ्यांनी मान डोलावली. दाराआड डोक्यावर पदर घेतलेली सुनंदा लाजली. ज्या कौतुकासाठी हिलाल वर्षभर झिजला ते कौतुक त्याला मिळालं, आणि त्यातलं अर्धं, तेही वरचं अर्धं, काचेवरची अक्षरं पुसणारीला गेलं. तो हसला. त्या हसण्याला किती जोर लागला हे फक्त कानबाईने पाहिलं असेल.

सोमवारी सकाळी गाणी म्हणत बायका कानबाईला डोक्यावर घेऊन मेहरूण तलावावर गेल्या. विसर्जन झालं, भाऊबंद एसटीने परतले, गल्ली रिकामी झाली. हिलाल घरात आला, त्याने दार लोटलं, आणि रविवारपासून दाढेखाली धरलेलं सगळं बाहेर पडलं.

"काय केलंस तू ते? कळतंय का काय केलंस? गावं होती त्या काचेवर. नावं होती. वर्षभर जिवापाड जपली मी ती, आणि तू राखेनं घासलीस. हात लावू नको म्हणून किती वेळा सांगितलं होतं? आता अख्खी पेटी आंधळी झाली. कुठे काय लागतं ते ब्रह्मदेवाला कळणार नाही."

सुनंदाने लेकीला खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचा रविवारचा उजेड विझत गेला.

"नावं व्हती?" ती म्हणाली. "मले वाटलं, डाग पडलेत. म्हनून तर चिंच लावली."

"डाग? ओळीनं डाग पडतात का? सरळ सरळ अक्षरं होती ती. लहान पोरालाही दिसलं असतं."

"दिसत व्हतं," ती हळू म्हणाली. "दिसत व्हतं काहीतरी बारीक बारीक. पन ते अक्षर हाये, हे कसं समजावं मानसानं?"

तो चरफडत पेटीपाशी गेला. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, जे गेलं ते गेलं, असं काहीबाही पुटपुटत त्याने काच पुसून घेतली. शाळेतून आणलेला पांढरा रंग आणि बारीक कुंचला फळीवर होता. ओस्लो, बुडापेस्ट गेलं चुलीत, निदान जळगाव तरी लिहून ठेवू. पेटी लावून, काटा चाचपडत, त्याने जळगाव केंद्र पुन्हा शोधलं. ते जिथे लागलं तिथे काचेवर, या वेळी पुढून, त्याने सुबक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं. पहिलीच्या फळ्यावर लिहायचा तसं, गोल आणि ठसठशीत: जळगाव.

सुनंदा त्याच्या शेजारी येऊन बसली. रंग वाळायची वाट न बघता तिने बोट काचेजवळ नेलं, पण टेकवलं नाही. पहिल्या अक्षरावर थांबली.

"ज," ती म्हणाली.

हिलालने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचं बोट पुढच्या अक्षरापाशी गेलं आणि तिथेच राहिलं. ती कपाळाला आठी घालून बघत होती. शाळेत एखादं पोर असं अडलं की तो ज्या सवयीनं विचारायचा, त्याच सवयीनं, रागातच, त्याच्या तोंडून निघालं,

"हं, पुढे?"

सुनंदाने बोट मागे घेतलं. पेटीशेजारी ती पाटी होती, स्क्रूंनी भरलेली. तिने त्या पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पुढे रेडू आला," ती म्हणाली.